वरची चिमूट

मी भित्री बाई आहे. आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे कोणी माझ्या धीराचं कौतुक करायला नको. पालीला भिते, विजेला भिते, मागून ट्रकचा हॉर्न वाजला की स्कूटीच्या हँडलवरचे माझे हात गार पडतात. आणि अलीकडे मी काचेच्या बाटलीला भिते. फ्रीजमधली बाटली कोणी ओट्यावर जराशी जोरात ठेवली तरी माझा खांदा आपोआप कानाशी जातो. घरात बियरचा कारखाना असलेल्या बाईनं बाटलीला भ्यावं, म्हणजे पाहा.

कारखाना लोहाऱ्याला, एमआयडीसीत. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या मामाजींनी, तरुणपणी कापसाची शेती भावाच्या हाती देऊन तो टाकला होता. साधी पिवळी बियर. सिलिंडरनं गॅस भरायचा, झाकण ठोकायचं, झालं. मी लग्न होऊन आले तेव्हा त्याची अखेर चालली होती. मोठ्या कंपन्यांच्या गाड्या गावोगाव फिरायला लागल्या आणि आमची बियर कोणी विचारेना. मग ते पत्र्याचं शेड सरकी ठेवायला भाड्यानं गेलं, आणि बियर उकळायच्या मोठ्या भांड्यात पारव्यांनी संसार मांडले. मामाजी अधूनमधून किल्ली घेऊन तिथं जाऊन यायचे. आले की त्या दिवशी जेवायचे नाहीत.

हे सगळं माझ्या पोरीनं पुन्हा उकरून काढलं. ती खाण्यापिण्याच्या पदार्थांचं शास्त्र शिकली, मग बेल्जियमला गेली, तिथल्या एका घरच्याच लोकांनी चालवलेल्या बियरच्या कारखान्यात राबली, आणि परत आली ती हेच डोक्यात घेऊन. आबाजींचा, म्हणजे आजोबांचा, कारखाना सुरू करायचा आणि तिकडच्यासारखी बियर इथं करायची. मी रडले. आमच्या जिल्ह्यात बाया दारूबंदीसाठी मोर्चे काढतात. मी स्वतः एकदा अशा मोर्चात घसा बसेपर्यंत ओरडले आहे. आता त्याच बाया मला भाजीबाजारात भेटणार. परवान्यासाठी ही कुठल्या कुठल्या ऑफिसांत जाऊन बसेल, हिच्याशी लग्न कोण करेल, सगळं एकदमच सुचलं.

“आई, तुले भ्यायले काहीतरी लागतेच,” पोरगी म्हणाली. “हे घे.”

मामाजी मात्र त्या दिवशी दोन भाकरी जास्त जेवले.

पारवे गेले, भांडं घासून लख्ख झालं, आणि मग तिला एक जीभ हवी झाली. मामाजींचं नाक एका तापात गेलं ते परत आलंच नाही. हिंगाची डबी नाकाशी धरली तरी त्यांना काही कळत नाही. आमचे हे तर मीठ विसरलेल्या वरणालाही ‘मस्त हाय’ म्हणणारे. उरले मी. शेजारच्या घरात फोडणी करपली तर मला आमच्या न्हाणीत कळतं, हे पोरीला माहीत होतं. मी आयुष्यात दारूचा थेंब घेतला नव्हता. पहिल्या दिवशी देवाला हात जोडले, डोळे मिटले, घोट घेतला आणि म्हटलं, “हे तर धने हायेत.”

ती पांढरी बियर. पातळ ताकासारखी गढूळ. तिच्यात खरंच धने होते, आणि वाळवलेली संत्र्याची साल. बेल्जियममध्येही हेच टाकतात म्हणे. संत्री आणि धने घालायची एवढी अक्कल त्यांना कुठून आली, असं मी विचारलं, तर पोरगी हसतच बसली. दुसरी काळी. तिच्यात खजूर, भिजलेले मनुके, आणि काकवी कढईला धरायच्या जरा अगोदर येतो तो वास. शेवटाला भाजलेल्या शेंगदाण्याच्या टरफलाएवढा कडूपणा. काळी मला हिवाळ्यात आवडते. तिसरी सोनेरी, आणि ती बाई फसवी आहे. नाकाशी नेली की आधी पिकलं केळं, त्याच्यामागून लवंग, मग मध असावा असं वाटतं तोवर घोट खाली उतरतो आणि छातीत ऊब येते. केळं नाही, लवंग नाही, मधही नाही. सगळं खमीरच करतं, असं पोरीनं सांगितलं. मला ते पटायला बरेच घोट लागले.

सोनेरीचा सगळा जीव तिच्या फेसात. या बियरींत गॅस बाहेरून भरत नाहीत. बाटली भरताना तिच्यात थोडी साखर टाकायची, झाकण ठोकायचं, आणि उबदार खोलीत पडू द्यायची. आत राहिलेलं खमीर ती साखर खातं आणि गॅस बाटलीतच तयार होतो. साखर कमी पडली तर बियर मेलेली निघते. जास्त पडली तर गॅस इतका होतो की काच फुटते. हे पोरीनं मला सांगितलं होतं. मामाजींना तिनं फक्त, “आबाजी, हा चमचा, सपाट करून एक, बस,” एवढंच सांगितलं. ज्या माणसानं कारखाना चालवला त्याला बियर काय शिकवायची, असं तिला वाटलं असणार.

सोनेरीची पहिली भरणी लहान होती, म्हणून साखर हातानंच टाकायची होती, आणि नाक गेलं तरी मामाजींचा हात शाबूत होता. ते धुतलेला सदरा घालून स्टुलावर बसत, नरसाळं लावून एकेका बाटलीत साखर सोडत. पोरीनं खोके आधीच वेगळे केले होते. घरी ठेवायचे साधे. बाहेर द्यायचे त्यांच्यावर खडूची फुली.

मे महिन्यात पांढरकवड्याकडच्या जंगलाजवळचा एक रिसॉर्टवाला म्हणाला, संध्याकाळी पाहुणे आहेत, तुमची सोनेरी आणा, चाखून पाहतील. पोरीनं बियर न्यायचा सरकारी पास काढला आणि फुलीचे खोके आमच्या कारच्या मागच्या सीटवर आणि डिक्कीत रचले. आमचे हे लग्नाला पुसदला गेले होते. ऊन असं की शेडच्या पत्र्याखाली उभं राहवत नव्हतं.

“हळू चालवजो,” मी म्हटलं.

“आधी बरफाच्या फॅक्टरीतून बरफ घेतो, मंग जातो. तू नोको भेऊ.”

ती गेली. मी आणि मामाजी कुलूप लावायला थांबलो होतो, तेवढ्यात आतून आवाज आला. मला वाटलं ट्रान्सफॉर्मर उडाला. मग बियरचा वास आला. उबदार खोलीचं दार मी ढकललं. गाडीत न मावलेला फुलीचा एक खोका कोपऱ्यात राहिला होता, त्यातली एक बाटली नाहीशी झाली होती. फेस भिंतीवरून ओघळत होता. काचेचा एक लांबडा तुकडा समोरच्या दाराच्या लाकडात रुतून बसला होता, आणि तो माझ्या डोळ्यांच्या उंचीवर होता. माझी पोरगी माझ्याच उंचीची आहे.

“कोन्ता खोका?” मामाजींनी बाहेरून विचारलं.

“फुलीचा.”

“थो देण्याचा हाय.” ते दाराशी आले, त्यांनी भिंतीकडे पाहिलं आणि हळूच खाली फरशीवर बसले. “देण्याच्या बाटल्यायत मी वरची टाकली, बाई.”

आमच्याकडे कोणाला ज्वारी द्या, तूर द्या, वाटीभर साखर द्या, माप सपाट करून कोणी देत नाही. पायली भरायची, हातानं सारखी करायची, आणि मग वर एक मूठ टाकायची. ती मूठ मोजत नाहीत. तिला नुसतं ‘वरची’ म्हणतात. मामाजींनी जन्मभर असंच दिलं. घरच्या बाटल्यांत त्यांनी चमचा सपाट टाकला, आणि देण्याच्या बाटल्यांत चमच्यावर एक चांगली मोठी चिमूट. त्यांच्या काळात गॅस सिलिंडरमधून यायचा. साखर गोडीची आहे, असं ते समजले होते.

“कायले टाकली मामाजी, कायले?”

“पाव्हण्यायले सपाट कसं देऊ, बाई?”

फुलीचे बाकी सगळे खोके कारमध्ये होते. बंद काचा, वर मे महिन्याचं ऊन, आणि पोरीच्या मानेच्या मागं हातभर अंतरावर ते खोके. मी फोन लावला. वाजत राहिला. ती गाडी चालवताना फोन उचलत नाही, तशी शपथ मीच घातली होती तिला. पुन्हा लावला, पुन्हा वाजला.

शेडपाशी होती ती फक्त माझी स्कूटी. मी चालू करते तर मामाजी मागे येऊन बसले. मी उतरा म्हटलं, ते उतरेनात. त्यांच्या हातात पहाऱ्याच्या खाटेवरची गोधडी होती, नळाखाली धरून चिंब केलेली.

“हे कायले?”

“चाल तू,” ते म्हणाले.

बरफाच्या फॅक्टरीतला माणूस म्हणाला, ताई तर कवाच्या गेल्या. लगनसराई हाय न, बरफ नाही भेटला त्यायले. म्हणजे गाडीत बरफही नव्हता. मी पुन्हा फोन लावला. आता फोनमधली बाई सांगायला लागली की आपण संपर्क करत असलेली व्यक्ती क्षेत्राच्या बाहेर आहे. मला त्या बाईचं तोंड फोडावंसं वाटलं.

त्या रस्त्याचं मला नीट काही आठवत नाही, भीती तेवढी आठवते. ओली गोधडी पाठीला चिकटली होती आणि तिचं पाणी माझ्या कमरेवरून गळत होतं. तोंडाला बांधलेल्या ओढणीत मी मोठमोठ्यानं बोलत होते. देवाशी नाही, पोरीशी. खड्ड्यात घालू नकोस. ब्रेक मारू नकोस. काच खाली कर. मागून ट्रक आला तरी मी बाजूला झाले नाही. डोळ्यांपुढे सारखा तो दारातला तुकडा येत होता, आणि मग ती लहान असताना अंगणात डोळ्यात गेलेलं कुसळ मी जिभेनं काढलं होतं ते. एका खड्ड्यावर मामाजींनी माझा खांदा धरला आणि मग सोडलाच नाही.

सागाचं जंगल सुरू होण्याच्या आधी एक मोठा कडुनिंब आहे. आमची कार त्याच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला, अर्धी उन्हात उभी होती. मागची काच नव्हती. डांबरावर फेसाचा ओघळ आला होता आणि उन्हानं वाळत होता. बाहेर कोणी दिसत नव्हतं.

मी स्कूटी उभी केली की पडू दिली, सांगता येत नाही. पोरगी आत होती. ड्रायव्हरच्या सीटवर ताठ बसलेली, दोन्ही हात स्टिअरिंगवर. जिवंत होती, डोळे उघडे होते. कानामागून रक्त गळ्यावर आलं होतं. तिच्या सीटच्या पाठीत काचा रुतल्या होत्या, त्या सीटनंच तिला वाचवलं.

“आई, जोळ नको येऊ,” ती हळूच म्हणाली, कोणी झोपलेलं असावं तशी. “हाललं की फुटतील. दोन फुटल्या. मले हालताच नाही येऊन राह्यलं.”

मी तिथंच उभी राहिले. खरं सांगते, पाय पुढे जाईना. आई आहे म्हणून काही पायात बळ येत नाही. माझ्या शेजारून मामाजी गेले. रस्त्यानं चालताना अडखळणारा तो माणूस गोधडी दोन्ही हातांत पसरून धरून गाडीच्या मागं गेला, फुटलेल्या काचेतून आत वाकला आणि निजलेल्या लेकरावर घालावी तशी ती खोक्यांवर घातली. डिक्कीपासून सीटपर्यंत, कडा खाली खोचून. आत बाटल्या होत्या आणि त्यांचं तोंड त्या बाटल्यांवर होतं. मी त्यांना हाक मारायलाही भ्याले, हाकेनं काही फुटेल म्हणून.

“आता घे तिले,” ते म्हणाले.

मी दार उघडलं, पोरीची बोटं एक-एक करून स्टिअरिंगवरून सोडवली, आणि तिला काखेत धरून ओढलं. ती माझ्याहून जड आहे. आम्ही तिघं कडुनिंबामागं पोहोचतो न पोहोचतो तोच गोधडीखाली पहिला आवाज झाला. धप्प. मग बराच वेळ काही नाही, मग लागोपाठ. गोधडी उठायची आणि बसायची. मी पोरीचं डोकं पोटाशी दाबून धरलं होतं आणि प्रत्येक धप्पला ती आणि मी एकदमच दचकत होतो. मामाजी आमच्याकडे पाठ करून, गाडीकडे तोंड करून बसले होते. ते दचकत नव्हते. प्रत्येक आवाजाला फक्त मान खाली घालत होते, जरा जरा.

कानामागं टाके पडले. केसांत झाकून जातात. रिसॉर्टवाल्याला पोरीनं खरं काय ते सांगितलं, आणि घरी आल्यावर आबाजींना एक शब्द बोलली नाही. उलट चूक आपली आहे, नीट सांगायला हवं होतं, म्हणाली. मामाजी ऐकत होते.

पण त्यांचा हात गेला. नाक गेलं तसा. शेजारीण साखर मागायला आली, मामाजींनी डब्यातून वाटी भरली, बोटानं सपाट केली आणि तशीच तिच्या हाती दिली. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी दुसरीकडे पाहिलं. भावाच्या शेतात सोंगणीला आलेल्या बाईला तूर देताना तेच. पायली सपाट, वर काही नाही. बाई थांबली, आणखी काही येईल म्हणून, मग गेली. मला त्या सपाट पायलीची अशी धास्ती वाटली की सांगता येत नाही. घरातलं कोणी हळूहळू उठून चाललं आहे आणि आपण नुसतं पाहतो आहोत, असं.

पोरगी मात्र तिच्या डोक्यानं चालली होती. तिनं तांबटाकडून पितळेचा नवा चमचा करून आणला, जुन्यापेक्षा लहान. मला बाजूला घेऊन म्हणाली, “आबाजी वरची टाकल्याबिगर राह्यनार नाहीत. म्हनून मापच लहान केलं. चमचा सपाट अन् वरून त्यायची चिमूट, दोन्ही मिळून बरोबर होते. मी काहीतरी निमित्त काढून त्यायच्या हातची चिमूट कितीदा तरी तोलून पाह्यली, आई. त्यायची चिमूट सारखीच येते.”

आणि मामाजींनी त्या लहान चमच्यानं, बोटानं सपाट करून, सगळ्या बाटल्या भरल्या. एकातही वरची नाही.

त्या भरणीची बाटली मी उघडली तेव्हा झाकण निघाल्याचा आवाजसुद्धा झाला नाही. केळं होतं, लवंग होती, मध होता, पण सगळं पाण्यात पडून राहिल्यासारखं. छातीत ऊब आली नाही. फेस दोन बुडबुडे दाखवून बसला. पोरगी माझ्या तोंडाकडे पाहत होती.

“मेली हाय,” मी म्हटलं.

“त्यायले तू सांग. माह्यं नाही ऐकत. मी म्हटलं का उठून जातात.”

तिला काय माहीत ती कोणाला सांगते आहे. ती मेलेली बियर मला जन्मभर चालली असती. फेस नाही तर नाही. ती बाटली गाडीत घालून पोरीला दिल्लीपर्यंत जाऊ दिलं असतं मी, निवांत झोपले असते. पण पोरीची मान खाली गेली होती, मामाजी आठ-आठ दिवस शेडवर येत नव्हते, आणि पूर्वी बंद शेड पाहून आल्यावर करायचे तसे न जेवता निजत होते.

मी त्यांना शेडवर घेऊन गेले. स्टुलावर बसवलं, साखरेचा डबा पुढे ठेवला. बाटल्या धुऊन भरून रांगेत होत्या, सगळ्यांवर फुली. या वेळी सगळ्याच देण्याच्या होत्या.

“मामाजी, वरची टाका.”

त्यांनी चमचा खाली ठेवला. “मले भेव वाटते, बाई.”

“मलेही वाटते.”

“पोरीच्या हातात जाईन थे.”

“तिनंच सांगतलं टाकाले. चमचा लहान हाय. तुमची चिमूट धरूनच केला हाय तिनं.”

ते चमच्याकडे पाहत राहिले. उलटा करून पाहिला. मला वाटलं आता हे उठतात. माझ्या तोंडून निघून गेलं, “तयार झाल्यावर पह्यली बाटली मी खोलीन. पोरीले भिताडीमागं उभी करीन अन् मी खोलीन.”

भ्यालेलं माणूस काय बोलेल काही नेम नसतो.

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना माहीत होतं मी कशी आहे ते. पालीसाठी मी त्यांना कितीदा तरी झोपेतून उठवलं आहे.

“मंग मी तुह्यासमोर उभा राह्यतो,” ते म्हणाले. “तू मांगून खोल.”

त्यांनी चमचा भरला, बोटानं सपाट केला, बाटलीत सोडला. मग डब्यात हात घालून चिमूट घेतली आणि नरसाळ्यावर धरून थांबले. मी खांदा कानाशी नेऊन बसले होते. त्यांनी ती सोडली, आणि मी बाटलीवर झाकण ठोकलं.